अठरा लिटरांतला संसार

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो. वर उड्डाणपूल, खाली सर्कलला खोळंबलेल्या गाड्या. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कडेवरून संध्याकाळी बोट फिरवलं की काळं होतं. भाच्याने गेमिंगसाठी छोटा डेस्कटॉप असेंबल करायचं ठरवलं तेव्हा मी त्याला आधी ती कडच दाखवली. त्याच्या अटी वेगळ्या होत्या. "मामा, पुण्याला हॉस्टेलवर नेता आला पाहिजे. आणि मे महिन्यात इथे आलो तरी गेम अडकायला नको."

या दोन अटींतून आम्ही कूलर मास्टरच्या एनआर 200 या कॅबिनेटपाशी आलो. 2020 साली आलेलं हे कॅबिनेट मी आजवर उघडलेल्या कॅबिनेटांत सगळ्यात शहाणं आहे, आणि ते का हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

छोट्या कॅबिनेटांचे शौकीन आकार लिटरमध्ये मोजतात. मला हे माप आवडतं, कारण ते थेट स्वयंपाकघरातलं आहे. एनआर 200 आहे 18.25 लिटरचं, म्हणजे किराणा दुकानातल्या पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याहून जरासंच मोठं. आपल्याकडे टेबलाखाली उभा असतो तो नेहमीचा टॉवर सहज चाळीस लिटरच्या पुढे जातो, आणि त्याच्या आत निम्मी जागा रिकामीच असते. त्या रिकाम्या जागेत आमच्याकडे काय साठतं हे मला ठाऊक आहे. दरवर्षी दिवाळीत मी ते ब्रशने काढत आलो आहे.

याहून लहानही मिळतात. 2013 मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरून उभं केलेलं एनकेस एम 1 होतं 12.6 लिटरचं. डॅन ए 4 तर 7.2 लिटरचं. त्यात ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाच्या पाठीला पाठ लावून बसतं आणि रायझर नावाच्या चपट्या केबलने जोडलं जातं. कारागिरी म्हणून ते अप्रतिम आहे. पण प्रोसेसरवरच्या कूलरला त्यात पाच सेंटिमीटरही उंची मिळत नाही. यंत्राच्या आतली उष्णता नेहमी खोलीच्या तापमानावर चढते. खोली बावीस अंशांची असेल तिथे सात लिटर शोभतात, चैत्र-वैशाखातल्या नाशिकमध्ये मी ते कुणाला सुचवणार नाही.

मदरबोर्ड अर्थातच मिनी-आयटीएक्स. तैवानच्या व्हीआयए कंपनीने 2001 मध्ये हे माप ठरवलं, तेही कमी वीज खाणाऱ्या शांत यंत्रांसाठी. गेमवाल्यांनी ते नंतर आपलंसं केलं. सतरा सेंटिमीटर लांब, सतरा रुंद, म्हणजे वीतभरही नाही. रॅमच्या फटी दोन, कार्डासाठी जागा एक. पुढे काही वाढवू असं म्हणायची सोयच नाही, त्यामुळे निवड पहिल्याच दिवशी पक्की करावी लागते. वीज पुरवणारा एसएमपीएससुद्धा एसएफएक्स मापाचा, साडेबारा बाय दहा बाय सव्वासहा सेंटिमीटर. तो पुढच्या बाजूला एका कंसावर उभा बसतो आणि मागच्या प्लगपासून एक छोटी वायर आतून त्याच्यापर्यंत जाते. जागेची ही अदलाबदल फार सुंदर आहे. त्यामुळे मागची आणि वरची बाजू हवेला मोकळी राहते, तळातून आलेली हवा कार्डाला भेटून वरच्या पंख्यांकडे निघून जाते.

पण मी सगळ्यात जास्त वेळ हातात धरून बसलो तो कूलर. थर्मलराइटचा पीरलेस असॅसिन 120 एसई, उंची 155 मिलिमीटर. कॅबिनेटची मर्यादाही 155. कागदावर दोन आकडे असे बरोबर जुळले की मनाला बरं वाटतं आणि हाताला धाकधूक होते. कूलरच्या तळातून सहा नळ्या वर जातात. नळ्या तांब्याच्या, वरून निकेलचा मुलामा. नाशिकच्या तांबट आळीतल्या भांड्यांना आतून कल्हई असायची, इथे ती बाहेरून दिल्यासारखी वाटते. नळीच्या पोटात निर्वात पोकळी आणि थोडंसं पाणी. दाब कमी, म्हणून पाण्याची वाफ लवकर होते. ती वाफ वरच्या पातळ पत्र्यांपाशी जाऊन थंड होते आणि पाणी होऊन नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून झिरपत पुन्हा खाली येतं. ना मोटर, ना आवाज. तांबं आणि पाणी, आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली जोडी, इथे प्रोसेसरच्या डोक्यावर अखंड राबते आहे. ते समजल्यावर भाचा बराच वेळ त्या नळ्यांवरून बोट फिरवत होता.

या कूलरचा एक पंखा रॅमच्या वर येतो. रॅमवर शोभेचा उंच मुकुट असेल तर पंखा तीन-चार मिलिमीटर वर सरकवावा लागतो, आणि तेवढ्यानेही झाकण बसत नाही. म्हणून रॅम बिनमुकुटाची घेतली. भाच्याला काचेचं झाकणही हवं होतं, आतले दिवे दिसावेत म्हणून. पण काचेतून हवा जात नाही. मी जाळीच्या पत्र्याच्या बाजूने ठाम राहिलो. श्वास घेणारी बाजू दिसायला साधी असली तरी माझ्या लेखी तीच देखणी.

प्रोसेसर रायझन 5 7600, जास्तीत जास्त 88 वॅट. कार्ड आरटीएक्स 4060, 115 वॅट, दोन पंख्यांचं. याहून दणकट कार्ड या कॅबिनेटमध्ये मावतं, 33 सेंटिमीटर लांबीपर्यंत. पण घरातला 600 व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात 360 वॅटच्या आसपासच झेपवतो, आणि आमच्याकडे वीज सांगून जात नाही. त्या हिशेबात ही जोडी नीट बसते.

जोडणीत चूक माझ्याकडून झाली. उत्साहात मी कूलर आधी आवळला, आणि मग प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची वायर बोर्डाच्या वरच्या कडेशी नेता येईना. दोन बोटं जातील एवढीही फट राहिली नव्हती. कूलर काढला, थर्मल पेस्ट पुसली, पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला क्रम असा: आधी आठ पिना, मग पॉवर बटणाच्या बारीक वायरी, मग चोवीस पिनांची जाड वायर, नंतर कूलर आणि शेवटी कार्ड. एनआर 200 चे सगळे पत्रे हाताने निघतात, सांगाडा चारही बाजूंनी उघडा होतो, म्हणून दुसरी फेरी अर्ध्या तासात झाली. चूक सुधारायला वाव देणारी वस्तू मला फार मोलाची वाटते.

शेवटचं जाळीचं झाकण लावताना दोघांनी श्वास रोखला होता. कडेने हलकेच दाबलं, चारही खुंट्या टक् टक् करत बसल्या. पंखा झाकणाला टेकला नाही.

जूनमध्ये भाचा पुण्याला निघाला तेव्हा आम्ही ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात ठेवलं, कारण रस्त्यातल्या हादऱ्यांनी त्याचा भार बोर्डाच्या फटीवर येतो. कार्ड पाठीवरच्या बॅगेत आणि कॅबिनेट चादरीत गुंडाळून मांडीवर, अशी त्याने बसमध्ये खिडकीची जागा धरली.