रकान्याभोवतीचे वर्तुळ

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे वस्तीतले निम्मे फॉर्म माझ्याच हातून भरले गेले. नाव, वय, शिक्षण, जात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर जातीचा रकाना भरताना हक्काची जाणीव असे. मुलाखतीत टेबलापलीकडचा माणूस त्याच रकान्यावर बोट ठेवून थांबला, की बाकीचे रकाने वाचले जाणार नाहीत हे कळून चुके. रकाना तोच, वाचणारा बदलला की अर्थ बदलतो.

अमेरिकेत खटल्याआधी ज्यूरीसाठी बोलावलेल्या नागरिकांना पुष्कळदा लेखी प्रश्नावली देतात. व्यवसाय, कुटुंब, पोलिसांविषयी मत, फाशीविषयी मत. त्या उत्तरांवरून वकील कोणाला ठेवायचे, कोणाला वगळायचे ते ठरवतात. समर्थक म्हणतात, भर कोर्टात कोणी आपला पूर्वग्रह कबूल करीत नाही, कागदावर करील. यात तथ्य आहे. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, तिच्या ह्यूई न्यूटन यांच्यावर १९६८ साली ऑकलंडमध्ये खटला चालला. तेव्हा त्यांचे वकील चार्ल्स गॅरी यांनी ज्यूरीच्या उमेदवारांना वंशद्वेषाविषयी तोंडी, खोदून खोदून विचारले होते. विचारणे हे शोषितांचेही हत्यार आहे.

पण तेच हत्यार दुसऱ्या हातात गेले की काय होते? १९८७ साली जॉर्जियात टिमोथी फॉस्टर या काळ्या तरुणावर एका वृद्ध गोऱ्या स्त्रीच्या खुनाचा खटला चालला. सरकारी वकिलांनी ज्यूरीतून चारही काळे उमेदवार वगळले. उरलेल्या गोऱ्या ज्यूरीने फाशी दिली. केवळ वंशावरून ज्यूरर वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच बॅट्सन खटल्यात बजावले होते. म्हणून कारणे 'तटस्थ' दिली गेली. एक काळी स्त्री ३४ वर्षांची, म्हणजे फार तरुण, शिवाय घटस्फोटित! पण २१ वर्षांचा गोरा ज्यूरीत बसला आणि घटस्फोटित गोरेही वगळले गेले नाहीत.

२००६ साली माहितीच्या कायद्याने सरकारी पक्षाची फाईल बाहेर आली. यादीत काळ्यांची नावे हिरव्या रंगाने रंगवलेली, शेजारी 'बी' हे अक्षर; आणि प्रश्नावलीत वंशाच्या उत्तराभोवती वर्तुळ. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी निकाल फॉस्टरच्या बाजूने दिला. एकटे विरोधी मत क्लॅरेन्स थॉमस यांचे. ते स्वतः काळे. जन्म आणि जाणीव यांचा वाद आपल्या साहित्यात जुना आहे. इथे त्याचा अर्थ एवढाच, की काळा माणूस अमुकच मत देईल हे त्या वर्तुळामागचे गृहीतकच खोटे आहे.

प्रश्नावलीची खरी मर्यादा इथे आहे. 'तुम्ही निःपक्षपाती राहाल का?' या प्रश्नाला 'नाही' कोण लिहील? आपल्याकडे तरी 'मी जात पाळतो' असे कोण लिहितो? पूर्वग्रह उत्तरात सापडला नाही. तो उत्तर वाचणाऱ्याच्या पेनात सापडला. उत्तरे देणारे प्रामाणिक होते, तपासणारा नव्हता. आणि तपासणाऱ्याला कोणी प्रश्नावली दिली नव्हती.

मग रकानाच पुसावा काय? अजिबात नाही. रकाना पुसला तर भेदभाव उरतो, पुरावा तेवढा जातो. फॉस्टरला आधार मिळाला तो त्याच कागदांचा. पण त्यासाठी २९ वर्षे लागली, आणि तेवढा काळ तो फाशीच्या छायेत होता. गुन्हा क्रूर होता, हे मान्य. पण न्याय निर्दोषांपुरताच राखून ठेवायचा नसतो.

आपल्या फौजदारी कोर्टांत १९७३ च्या संहितेनंतर ज्यूरी नाही. पण निवड समित्या आहेत, मुलाखती आहेत, रकाने आहेत. आम्ही कोण, हे आम्ही प्रत्येक फॉर्मवर लिहून देतो. आता आमची मागणी एवढीच आहे : त्यावर तुम्ही काय खूण केली, तेही आम्हाला दाखवा.