पाकशास्त्रांतील म्हातारी कोंबडी

पाकशास्त्रावरील पुस्तकांचें परीक्षण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकानें करावें कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमच्या मतें तें अवश्य करावें. कादंबरी फसली तर वाचकाची एक दुपार फुकट जाते. पाककृति फसली तर घरच्या सर्वांवर उपाशी निजण्याची पाळी येते. ज्या ग्रंथाच्या शब्दावर विसंबून चूल पेटते, त्याचा शब्द तपासून पाहणें हें टीकाकाराचें कर्तव्यच होय. या तपासणीसाठीं आम्ही आज एकच कसोटी घेतों: अंडीं देऊन थकलेल्या कोंबडीविषयीं पुस्तक काय सांगतें?

ही कसोटी आम्हांला सुचली ती एका रविवारच्या फजितीमुळें. बाजारांत स्वस्त मिळाली म्हणून आम्हीं एक कोंबडी आणली. हाताशीं असलेल्या पुस्तकांत कोंबडी एक घ्यावी व अर्धा तास शिजवावी, एवढेंच लिहिलें होतें. पाहुणे पानावर बसले तरी मांस चामड्यासारखें ताठ. आमच्या आत्याबाईंनीं झाकण उचलून पाहिलें आणि म्हणाल्या, "अरे, ही अंडीं देऊन दमलेली कोंबडी. हिला घाई कशी चालेल? भांडें मंद आंचेवर राहूं दे आणि पाहुण्यांना पिठलें वाढ." पाहुण्यांनीं पिठलें खाल्लें. भांडें तीन तास चुलीवर राहिलें. गाळून थंडींत ठेवलेला त्याचा रस्सा सकाळीं पाहिला तों खरवसासारखा थिजलेला! असा अळणी रस्सा आम्हीं त्यापूर्वीं कधींच चाखला नव्हता.

दोष कोंबडीचा नव्हता, पुस्तकाचा होता. मांसासाठीं वाढविलेली ब्रॉयलर कोंबडी पांच-सहा आठवड्यांची असतांनाच विक्रीस येते. अंड्यांसाठीं पाळलेली कोंबडी सुमारें १८ ते २० आठवड्यांची झाली कीं अंडीं देऊं लागते, आणि साधारणतः ७२ ते ८० आठवड्यांनंतर, अंडीं कमी पडूं लागलीं म्हणजे, खाटकाकडे जाते. या दोघींस एकच वेळ लावणें म्हणजे नातवाला व आजोबांना एकाच चालीनें चालविणें होय. स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजनाचे धागे वयाबरोबर एकमेकांशीं घट्ट जखडत जातात. ते सुटून त्यांचें जिलेटिन होण्यास दीर्घ वेळ लागतो. रस्सा थिजतो तो या जिलेटिनामुळेंच. पाणी खळखळून उकळलें तर तंतू आवळून कोरडे पडतात, चरबी पाण्यांत घुसळली जाते आणि रस्सा गढूळ होतो. म्हणून पाणी नुसतें हलतें ठेवावें. प्रेशर कुकर असेल तर काम तासाभराच्या आंत होतें. मग रस्सा गाळावा, मांस हाडांपासून सोडवून मसाल्यांत परतावें आणि राहिलेल्या रश्शांत भात शिजवावा. एका स्वस्त कोंबडींत घराचीं दोन जेवणें निघतात.

कोंबडी ओळखणेंही कठीण नाहीं. छातीच्या हाडाचें टोंक बोटानें दाबावें. कोंवळ्या कोंबडीचें तें लवतें. जुन्या कोंबडीचें दगडासारखें टणक लागतें. पायांचे खवले खरखरीत असतात, आणि पोटांत पुष्कळदां पिवळी चरबी व न घातलेल्या अंड्यांचे लहानमोठे बलक सांपडतात. एवढें चार ओळींत सांगतां येतें. पण किती पुस्तकें सांगतात?

भाषेचें दारिद्र्य हें याला कारण म्हणतां येणार नाहीं. आपल्या खेड्यांत पिल्लूं वेगळें, अंड्यावर येऊं घातलेली तलंग वेगळी, अंडीं देणारी कोंबडी वेगळी आणि खुडूक बसलेली त्याहून वेगळी. फ्रेंच भाषाही अशीच काटेकोर आहे. तींत कोंवळ्या कोंबडीचा शब्द पुले आणि अंडीं दिलेलीचा पूल. एस्कॉफिए याच्या १९०३ सालच्या ग्रंथांत कोंबड्यांचे वयावरून व पुष्टतेवरून वर्ग पाडलेले आहेत. चौथ्या हेन्री राजानें प्रत्येक शेतकऱ्याच्या हंडींत कोंबडी असावी अशी इच्छा केल्याची कथा पेरेफिक्स यानें १६६१ सालीं नमूद केली, तींतही शब्द पूल हाच आहे. गरिबाच्या हंडींत शेवटीं येते ती अंडीं देऊन झालेलीच, हें त्या शब्दांत आलेंच. आमच्याकडे शब्द आहेत. लेखकांनीं ते गोठ्यांत व परसांत सोडून दिले आणि पुस्तकांत उरली ती केवळ 'कोंबडी एक'.

यावर पूर्वपक्ष असा येईल कीं, शहरांत आतां ब्रॉयलरच मिळते, मग ही उठाठेव कशाला? परंतु 'लेयर' या नांवानें जुनी कोंबडी शहरांतही विकली जाते. तिच्या स्वस्ताईला भुलून आमच्यासारखे अनेकजण फसतात. शिवाय उलट अपघातही होतो. जुन्या पाककृति नव्या पुस्तकांत जशाच्या तशा उतरविल्या जातात, आणि दोन तास शिजविलेल्या ब्रॉयलरचा नुसता चोथा होतो. दोन्ही ठिकाणीं पाप एकच, वय लपविल्याचें.

लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालीं 'गृहिणी-मित्र' प्रसिद्ध करून मांसाहारी स्वयंपाकालाही मराठी पाकशास्त्रांत मानाचें पान मांडलें. तें पान पुढें सजविणाऱ्यांकडून आमची मागणी माफक आहे: कोंबडीच्या प्रत्येक कृतीच्या आरंभीं तिचें वय लिहावें, ओळखण्याची खूण द्यावी, आणि वेळ तीवरून ठरवावी. कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहत नाहीं. आणि कोंबडीचें वय पुस्तकानें झांकलें तरी तें पानावर उघडें पडल्यावांचून राहत नाहीं.