सेरेनेड
पाश्चात्त्य संगीतातील एक गायन-वादनप्रकार. ‘सेरेनाता’ या इटालियन संज्ञेवरून हे नाव आले. तिचे मूळ ‘सेरेनो’ (निरभ्र, शांत) या शब्दात आहे. तथापि ‘सेरा’ (संध्याकाळ) या शब्दाशी असलेल्या साम्यामुळे सायंकाळी वा रात्री उघड्यावर सादर करावयाचे संगीत, असा अर्थ रूढ झाला. प्रियकराने गिटार वा मँडोलिनच्या साथीने प्रेयसीच्या खिडकीखाली गायिलेले आर्जवगीत, हे त्याचे सर्वपरिचित रूप होय. प्रभातकाळच्या अशा गीतास ‘ओबाद’ म्हणतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेरेनेड हा वाद्यवृंदाचाही रचनाप्रकार बनला. विवाह, नामदिन इ. प्रसंगी तो वाजविला जाई. वादकांच्या आगमन-निर्गमनासाठी आरंभी व शेवटी संचलनगीत योजण्याची प्रथा होती. व्होल्फगांग आमाडेउस मोट्सार्ट (१७५६–९१) याचे ‘हाफ्नर’ सेरेनेड (१७७६) साल्झबर्ग येथील हाफ्नर घराण्यातील विवाहानिमित्त रचलेले आहे. त्याच्या ‘आइन क्लाइन नाख्टमुझीक’ (१७८७) या विख्यात रचनेत त्याच्या स्वतःच्या नोंदवहीनुसार पाच भाग होते. त्यांपैकी चारच उपलब्ध आहेत.

अशा प्रासंगिकतेमुळे सेरेनेड म्हणजे केवळ हलकीफुलकी करमणूक, असे मत रूढ झाले. ते अर्धसत्य आहे. या प्रकाराचा प्राण संबोधनात आहे. गीत कोणा एकास उद्देशून असते आणि खिडकी उघडेल की नाही, याची शाश्वती नसते. या अनिश्चिततेतील नाट्य संगीतिकाकारांनी अचूक हेरले. मोट्सार्टच्या ‘दोन जोव्हान्नी’ (१७८७) या संगीतिकेत नायक सेवकाच्या वेषात एल्व्हीराच्या दासीला उद्देशून मँडोलिनच्या साथीने गातो. गीत निर्मळ, गायक मात्र कपटी. स्वरमाधुर्य हा भावनेच्या खरेपणाचा पुरावा नव्हे, हे येथे कोणत्याही भाष्याविना प्रतीत होते. रोसीनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मध्ये (१८१६) भाडोत्री वादक घेऊन पहाटे आलेल्या उमरावाचे गीत निष्फळ ठरते व आर्जवाचे रूपांतर विनोदात होते.

फ्रांट्स शूबर्टने (१७९७–१८२८) रेलश्टाबच्या कवितेवर रचलेल्या ‘श्टेंडखेन’ (१८२८) या गीतात गिटारचे काम पियानोकडे आले आणि सेरेनेडने दिवाणखान्यात प्रवेश केला. गायकाच्या ओळीमागून पियानो तिचा प्रतिध्वनी उमटवितो. उत्तर येते, पण ते स्वतःच्याच स्वराचे. प्रतीक्षेतील एकाकीपणा इतक्या अल्प साधनांनी क्वचितच व्यक्त झाला असेल.

ब्राम्स, द्व्हॉर्झाक (१८७५) व चायकॉव्हस्की (१८८०) यांच्या वाद्यवृंदीय सेरेनेडांत मूळ प्रसंग उरला नाही. चायकॉव्हस्कीच्या रचनेतील पहिला भाग तर मोट्सार्टला वाहिलेली आदरांजली आहे. या रचना श्रवणीय आहेत. परंतु संबोधनातील ताण त्यांत साहजिकच कमी झाला. बेंजामिन ब्रिटन (१९१३–७६) याने टेनर, हॉर्न व तंतुवाद्यांसाठी रचलेल्या सेरेनेडमध्ये (१९४३) तो वेगळ्या रीतीने परत आणला. येथे प्रेयसी नाही. विविध इंग्रज कवींच्या काव्यांतून संध्याकाळ, रात्र, निद्रा व मृत्यूची चाहूल हे विषय येतात. आरंभी ऐकू येणारा एकाकी हॉर्न अखेरीस रंगमंचाबाहेरून वाजतो. ज्याच्या दिशेने गायचे ती खिडकी नाहीशी झाली, तरी दूरच्या कोणास घातलेली साद टिकून राहते. सेरेनेडचे सामर्थ्य या सादेत आहे.