पिरिफॉर्मिस स्नायू आणि सायटिकाची वेदना : एका अनुमानाची चिकित्सा

सायटिक मज्जातंतू बहुधा नितंबातील पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून अखंड बाहेर पडतो. काही शरीरांत मात्र तो आधीच दुभंगतो आणि त्याचा एक भाग स्नायू भेदून जातो. बीटन व अ‍ॅन्सन यांनी १९३७ मध्ये या संबंधाचे सहा प्रकार मांडले. वर्गीकरण म्हणून ते आजही उपयुक्त आहेत. आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानावर. स्नायूतून जाणारा मज्जातंतू आवळला जाणार व म्हणून वेदना होणार, हे ऐकताच पटते. पण पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. स्मॉल यांनी २०१० मध्ये सहा हजारांहून अधिक शवांवरील नोंदी एकत्रित तपासल्या. त्यांत रचनाभेद १६.९ टक्के आढळला, तर पिरिफॉर्मिस सिंड्रोमसाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत १६.२ टक्के. अशा रुग्णांची संख्या अल्प होती, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच : रचनाभेद हेच कारण असते, तर रुग्णांतील प्रमाण ठळकपणे अधिक नसते काय?

अर्थात खुब्याची शस्त्रक्रिया करणाऱ्यास हे भेद ठाऊक असलेच पाहिजेत. परंतु एमआरआयमध्ये दुभंगलेला मज्जातंतू दिसला, एवढ्याच आधारावर, कण्यातील चकतीचा विचार न करता, स्नायू कापण्याचा निर्णय घेणे समर्थनीय ठरत नाही.