सरासरीची रेघ

कादंबरी वाचताना निवेदकावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न आपण हमखास विचारतो. आलेख समोर आला की तो विचारायचा राहून जातो. आकडे यंत्राने मोजलेले, रेघ यंत्राने काढलेली, तिला कसला आला दृष्टिकोन? संगणकाचा प्रोसेसर किती गुंतला आहे, मेमरी किती उरली, तारेवरून किती मजकूर गेला, हे दाखवणारे आलेख तर अशा निःशंकपणे पाहिले जातात की त्यावरून माणसांचे भवितव्य ठरते. हे आलेख संहिता म्हणून वाचण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आरआरडीटूल हे एकच साधन घेतो, कारण या लेखनप्रकाराचा आकृतिबंध बऱ्याच अंशी त्याने घडवला.

त्याचा कर्ता टोबियस ओटिकर. १९९४ च्या सुमारास तो इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात काम करत होता. विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार अवघी ६४ किलोबिटची. ती कधी तुंबते हे सर्वांना दिसावे म्हणून त्याने एमआरटीजी हा प्रोग्राम लिहिला. येणारा मजकूर हिरव्या भरीव पट्ट्यात आणि जाणारा निळ्या रेघेत, हे त्याचे रंग पुढे जगभरच्या संगणक कक्षांनी उचलले. १९९९ मध्ये त्यातूनच आरआरडीटूल निघाले. साठवण आणि रेखाटन दोन्ही करणारे हे साधन मुनिन, कॅक्टाय यांसारख्या अनेक प्रणालींच्या पोटात आहे.

त्याच्या साठवणीची कल्पना आपल्याकडच्या रहाटगाडग्यासारखी आहे. गाडगी ठरावीक आणि माळ बंद. नवे पाणी येते तेव्हा जुने सांडलेले असते. म्हणून त्याची फाइल जन्मताच जेवढी असते तेवढीच कायम राहते. रूढ मांडणीत पाच-पाच मिनिटांची ६०० गाडगी असतात, म्हणजे ५० तास. मग अर्ध्या तासाची ७००, दोन तासांची ७७५ आणि एका दिवसाची ७९७. काल काय घडले ते बारकाईने सांगता येते, गेल्या महिन्याचे ढोबळ, गेल्या वर्षीचे तर दिवसाला एक आकडा. डिस्क महाग होती त्या काळात हा संयम शहाणपणाचाच होता.

प्रश्न आहे तो ढोबळ करताना काय केले जाते याचा. सरासरी, किमान, कमाल किंवा शेवटचा आकडा, असे चार मार्ग साधनाने खुले ठेवले आहेत. वापरणारे बहुधा सरासरी घेतात आणि तिथेच थांबतात. समजा, एक यंत्र एरवी २० टक्के गुंतलेले असते आणि एका रात्री पंधरा मिनिटे पूर्ण १०० टक्के भरते. दोन तासांच्या गाडग्यात त्याचे ३० टक्के होतात. दिवसाच्या गाडग्यात २१ सुद्धा धड होत नाहीत.

पुण्यातल्या एका कार्यालयाच्या संगणक कक्षात मी काही वर्षे नोकरी केली. तिथे रात्रपाळीच्या एका मुलाने सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. त्यात काही व्यवहार अर्धवट राहिले आणि तीन आठवड्यांनी चौकशी बसली. मुलगा सांगत होता की यंत्र पंधरा मिनिटे पूर्ण भरले होते, काहीच हलत नव्हते. साहेबांनी पडद्यावर आलेख लावला. "तीस टक्के दिसतंय. तीस टक्क्यांवर मशीन बंद कशाला केलंस?" आमच्याकडे ज्याने मांडणी केली होती त्याने फक्त सरासरी ठेवली होती. पाच मिनिटांची गाडगी केव्हाच रिकामी झाली होती, अर्ध्या तासाचीही. मीही त्या खोलीत होतो आणि हे गणित तेव्हा मला सुचले नाही.

कमाल आकड्याची दुसरी माळ ठेवायला सेटिंगच्या फाइलीत एक ओळ पुरते. तेव्हा दोष साधनाचा कमी, ते नेमणाऱ्याचा अधिक. पण साधनालाही पूर्ण सोडता येत नाही. त्याच्या गाडग्यांच्या सीमा ग्रीनिचच्या घड्याळाला बांधलेल्या आहेत. त्यामुळे आपल्याकडे दोन तासांचे गाडगे मध्यरात्री न बदलता रात्री दीडला आणि साडेतीनला बदलते, आणि दिवस पहाटे साडेपाचला उजाडतो. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान लवकर उरकणाऱ्यांची आंघोळ त्याच्या लेखी आदल्या दिवशीच होते! शिवाय चित्राची ठरलेली रुंदी ४०० ठिपके. वर्षाचा आलेख काढला तर एका ठिपक्यात सुमारे बावीस तास कोंबावे लागतात. सगळे मूळ आकडे जपून ठेवले तरी रेखाटताना पुन्हा संक्षेप होतोच.

या साधनाचा मला सर्वांत भावलेला गुण म्हणजे मौनाची कदर. मोजमाप मिळाले नाही तर ते शून्य लिहीत नाही, 'अज्ञात' लिहिते आणि आलेखात तेवढी जागा कोरी सोडते. बंद पडलेले यंत्र आणि निवांत यंत्र यांतला फरक कळलेला हा निवेदक आहे. पण संक्षेप करताना हीच सचोटी सैल पडते. 'एक्सफाइल्स फॅक्टर' नावाची एक मर्यादा असते आणि ती सहसा अर्ध्यावर ठेवलेली असते. म्हणजे गाडग्यातले निम्मे अज्ञात असले तरी उरलेल्याची सरासरी बिनदिक्कत ज्ञात म्हणून मांडली जाते. आता आपले उदाहरण पुन्हा घ्या. यंत्र इतके गुदमरले की त्या पंधरा मिनिटांत त्याने विचारणेला एकदाही उत्तर दिले नाही. मग उरलेल्या १०५ मिनिटांची सरासरी २०. संकट जितके मोठे तितकी रेघ सपाट.

सरासरीवाचून लिहिता येते हे ब्रेंडन ग्रेग यांनी दाखवले आहे. डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ ते रेघेने दाखवत नाहीत. प्रत्येक क्षणाच्या उभ्या पट्टीत किती उत्तरे झटकन आली, किती रेंगाळली, हे रंगाच्या गडदपणाने मांडतात. २००८ च्या अखेरीस सन कंपनीत असताना त्यांनी डिस्कच्या कपाटासमोर तोंड नेऊन आरोळी ठोकली. त्या हादऱ्याने रेंगाळलेली मोजकी उत्तरे चित्रात वर उडालेली दिसली. प्रसंग गमतीचा खरा, पण अशा मोजक्या उत्तरांना जागा देणारी चित्रभाषा त्यामागे होती.

त्या मुलाला मेमो मिळाला. चौकशीच्या टेबलावर रात्रपाळीची नोंदवहीही होती. तिच्यात बॉलपेनाने लिहिले होते, '२.१० ते २.२५ सीपीयू १००'. खाली सही होती. पान उघडलेच गेले नाही. ते मी पुढे, वह्या रद्दीत जाण्यापूर्वी वाचले.