झाकणावर फोर्ड, आत डकवर्थ

डीएफव्ही इंजिनाचं १९६७ सालचं छायाचित्र पाहताना नजर आधी कॅमशाफ्टच्या झाकणांवर जाते. तिथे ठसठशीत अक्षरांत एकच नाव: फोर्ड. ते उगाच नाही. फोर्डच्या वॉल्टर हेज यांनी कंपनीकडून १,००,००० पौंड मिळवले नसते, तर फॉर्म्युला वनचं हे इंजिन कागदावरच राहिलं असतं. पण आराखडा कीथ डकवर्थ यांचा, आणि ते घडलं नॉर्थम्प्टनच्या कॉसवर्थ या छोट्या कंपनीत.

त्याचं खरं सौंदर्य जोडणीत आहे. हे इंजिन ज्या गाडीत बसलं, त्या लोटस ४९चा सांगाडा ड्रायव्हरच्या पाठीशी संपतो. त्यामागे सांगाडा नाहीच, इंजिनच सांगाड्याचं काम करतं. गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन, चाकं, सगळ्यांचा भार त्याच्या अंगावर. खालच्या बाजूला ते बोल्टने घट्ट आवळलंय, वर मात्र पातळ पोलादी पट्ट्या आहेत. तीन लिटरचं व्ही-८ तापलं की थोडं फुगतं. तेव्हा पट्टी जराशी लवते आणि सांध्यावर ताण येत नाही. एवढा भार पेलणाऱ्या जागी इतका पातळ पत्रा ठेवायला केवढा आत्मविश्वास हवा!

४ जून १९६७ रोजी झांडवूर्टला या इंजिनाच्या पहिल्याच शर्यतीत लोटसचा जिम क्लार्क जिंकला. सर्वांत पुढून सुटलेला त्याचा संघसहकारी ग्रॅहम हिल मात्र कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या गिअरनी दगा दिल्यामुळे बाहेर पडला. यावर डकवर्थ यांनी दाते जाडजूड करण्याचा मार्ग धरला नाही. त्यांनी त्या गिअरच्या पोटात पीळ सोसणाऱ्या बारीक दांड्या बसवल्या. धक्का दांड्यांनी झेलायचा, दाते शाबूत राहायचे. पट्टीतला विचार तोच, फक्त आता इंजिनाच्या आत. हा माणूस ताणाशी झुंजत नाही, त्याला वाट काढून देतो. म्हणून मला हे इंजिन एकहाती लिहिलेलं वाटतं.

१९६८पासून ते इतर संघांनाही मिळू लागलं. टिरेल, मॅक्लारेन, विल्यम्स यांनी त्याच्या जोरावर विजेतेपदं मिळवली. १९८३पर्यंत या घराण्याच्या नावावर १५५ शर्यती जमा झाल्या.

१९८४च्या मॅक्लारेनमध्येही पैसा एकाचा आणि हात दुसऱ्याचा होता. पैसा टॅग या कंपनीचा, इंजिन पोर्शेच्या हान्स मेत्सगर यांचं. पण तिथे इंजिनावर ‘टॅग टर्बो’च्या जोडीला ‘मेड बाय पोर्शे’ असंही लिहिलं होतं. हा व्यवहार मला जास्त सरळ वाटतो. डीएफव्हीच्या त्या पहिल्या झाकणांवरही कॉसवर्थ हे नाव असायला हवं होतं, आणि तेही फोर्डइतक्याच मोठ्या अक्षरांत.