तक्त्यात ‘तर्फे’ कुठे आहे?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. फळ्यावर काढलेले तक्ते शब्दांत सांगितले आहेत.)

मागच्या वेळी आपण पासवर्ड आणि ओळख पटवणं याबद्दल बोललो. माणूस तोच आहे हे पटलं की पुढचा प्रश्न येतो, त्याला काय काय करू द्यायचं? आजचा विषय तो. पण आज नुसती माहिती सांगायची नाहीये, थोडी टीका करायची आहे. या विषयाच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात एक तक्ता असतो, आणि माझी तक्रार त्या तक्त्याबद्दल आहे. खरं सांगायचं तर तक्त्यापेक्षा आपण तो कसा वाचतो, त्याबद्दल आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेची संगणक व्यवस्था बघायला मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही. एका ठेवीदार बाईंची मुदत ठेव किती, हे त्यांच्या दिरांना कळलं होतं. घरात जमिनीचा वाद चालू होता, त्यात तो आकडा भर बैठकीत बोलला गेला. बाईंनी तक्रार केली. संस्थेने परवानग्यांचा तक्ता काढला. डाव्या बाजूला कर्मचारी, वर शाखांची खाती, आणि प्रत्येक चौकटीत ‘वाचू शकतो’, ‘लिहू शकतो’. त्या शाखेतल्या कोणाही लिपिकाला दुसऱ्या शाखेतलं बाईंचं खातं वाचायची परवानगी नव्हती. तक्ता अगदी बरोबर होता. म्हणजे बाईच काहीतरी चुकत असतील, असा निष्कर्ष निघाला.

चूक बाईंची नव्हती. उतारे छापणारा एक प्रोग्राम होता, आणि त्याला सगळ्या शाखांची खाती वाचायची परवानगी होती. असायलाच हवी होती, नाहीतर तो छापणार काय? पण कोणत्या खात्याचा उतारा काढायचा, तो क्रमांक लिपिक टाइप करायचा. झालं. लिपिकाला परवानगी नाही, प्रोग्रामला आहे, आणि प्रोग्राम लिपिकाचं ऐकतो.

हा प्रसंग डोक्यात ठेवा. आता तक्त्याकडे येऊ.

तक्ता आणि फेरफार

हा तक्ता, ज्याला अ‍ॅक्सेस मॅट्रिक्स म्हणतात, बटलर लॅम्पसन यांनी १९७१ साली मांडला. ओळी कर्त्यांच्या, रकाने वस्तूंचे, चौकटीत हक्क. इतकं साधं, आणि म्हणूनच टिकलेलं. ज्यांची गावाकडे जमीन आहे त्यांना हे नवीन नाही. सातबाऱ्यातल्या सात नंबरच्या नमुन्याचं नावच मुळी ‘अधिकार अभिलेख’ आहे. कोणत्या गटावर कोणाचा कसला हक्क, ते तिथे लिहिलेलं असतं.

पण सातबारा आजचा असतो. उद्या नाव चढेल, परवा कमी होईल. ते कसं घडतं, ते सहा नंबरच्या नमुन्यात, म्हणजे फेरफार नोंदवहीत दिसतं. वाद खरा कशाचा असतो? आज कोणाचं नाव आहे याचा कमी, उद्या कोणाचं चढू शकतं याचा जास्त.

नेमका हाच प्रश्न हॅरिसन, रुझ्झो आणि उलमन यांनी १९७६ साली विचारला. त्यांनी तक्त्याला फेरफाराचे नियम जोडले. मूळ क्रिया फक्त सहा: हक्क लिहिणे, हक्क खोडणे, नवा कर्ता तयार करणे, नवी वस्तू तयार करणे, कर्ता काढणे, वस्तू काढणे. ‘अमुक चौकटीत अमुक हक्क असेल तर या क्रिया करा’ असे नियम बनवायचे. मग प्रश्न असा, की हे नियम कोणत्याही क्रमाने वापरले तर एखादा हक्क, जिथे नसायला हवा त्या चौकटीत, कधी शिरू शकेल का?

उत्तर धक्का देणारं होतं. नियम कसेही असू शकत असतील, तर हे ठरवणारी सर्वसाधारण रीत नाही. अजून सापडलेली नाही असं नव्हे, असूच शकत नाही. त्यांनी दाखवलं की असा तक्ता ट्युरिंग यंत्राच्या फितीसारखा वापरता येतो, आणि मग ‘हक्क शिरेल का’ हा प्रश्न म्हणजे ‘यंत्र थांबेल का’ हाच प्रश्न होतो.

या निबंधाबद्दल मला मनापासून आदर आहे. आपण व्यवस्था बांधू शकतो म्हणजे तिच्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो, हा भ्रम त्याने मोडला. सिद्धता चोख आहे. पण टीकाकाराने सिद्धतेच्या आधी प्रश्न बघावा. इथे प्रश्न आहे, हक्क शिरला का? पतसंस्थेत कोणता हक्क कुठे शिरला? एकही नाही! दीर येण्याआधीचा तक्ता आणि नंतरचा तक्ता, अक्षराचा फरक नाही. या निबंधाच्या व्याख्येने ती व्यवस्था सुरक्षित होती. आणि बाईंचा आकडा बाहेर गेला होता.

गोंधळलेला मुखत्यार

हे काही मी शोधून काढलेलं नाही. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली एक छोटा लेख लिहिला. गोष्ट एका कंपायलरची. त्या कंपायलरला वापराची आकडेवारी एका सरकारी कोठीत, म्हणजे सिस्टिमच्या डिरेक्टरीत, लिहायची होती, म्हणून त्याला तिथे लिहायची परवानगी दिली. त्याच डिरेक्टरीत बिलांची फाइल होती. कंपायलरची आणखी एक सोय होती: वापरणाऱ्याने फाइलचं नाव द्यावं, तपासणीची माहिती त्या फाइलमध्ये येईल. एकाने नाव दिलं ते नेमकं बिलांच्या फाइलचं. कंपायलरने ती उघडली, परवानगी होतीच, आणि बिलांवर आपली माहिती लिहिली. बिलं गेली.

त्या कंपायलरला आपण गोंधळलेला मुखत्यार म्हणू. आपल्याकडे कुलमुखत्यार सही करतो तेव्हा कशी करतो? नुसतं स्वतःचं नाव लिहीत नाही. ‘अमुक तर्फे कुलमुखत्यार तमुक’ असं लिहितो. तो ‘तर्फे’ फार महत्त्वाचा आहे. तोच माणूस स्वतःच्या घराचा व्यवहार करतो तेव्हा एका हक्काने, आणि तुमच्या घराचा करतो तेव्हा दुसऱ्या हक्काने. कंपायलर एकाच वेळी दोघांचं काम करत होता, आकडेवारी यंत्रणेतर्फे आणि तपासणीची माहिती वापरणाऱ्यातर्फे. सही मात्र दोन्हीकडे एकच. तक्त्यात कंपायलरची ओळ आहे, फाइलचा रकाना आहे. ‘तर्फे’ला जागा नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा तर लॅम्पसनवर अन्याय झाला. थोडा झाला, आणि तो दुरुस्त करतो. मूळ निबंधात ओळी माणसांच्या नाहीत, ‘डोमेन’च्या आहेत. डोमेन म्हणजे काम करताना अंगावर असलेला हक्कांचा अंगरखा. ‘लिपिकातर्फे चालणारा उतारा-प्रोग्राम’ अशी वेगळी ओळ काढायला तिथे कोणी बंदी घातलेली नाही. बंदी आपण घातली. पाठ्यपुस्तकांनी सोपं करून ‘डोमेन’च्या जागी ‘वापरकर्ता’ लिहिलं, ऑडिटवाल्यांनी त्याचा छापील फॉर्म केला, आणि ‘तर्फे’ गळून पडला.

पण नुसतं ‘ओळ काढा’ म्हणून सुटका नाही. प्रत्येक प्रोग्राम प्रत्येक माणसातर्फे, अशा किती ओळी? त्या काम चालू असतानाच तयार कराव्या लागणार. आणि नव्या ओळी तयार करणं हीच तर १९७६च्या निबंधातली अवघड जागा! निर्मिती बंद ठेवली तर प्रश्नाचं उत्तर निदान काढता येतं, जरी फार जड पडत असलं तरी. निर्मिती मोकळी सोडली आणि नियमही मोकळे ठेवले की हातातून गेलं.

मग वाट कोणती? नियम मोजके ठेवणं. लिप्टन आणि स्नायडर यांनी १९७७ साली दाखवलं की घेणं-देणं अशा ठरलेल्या थोड्या नियमांच्या व्यवस्थेत, निर्मिती असूनही, उत्तर झटपट निघतं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले रवी संधू यांनी १९९२ साली प्रत्येक कर्त्याला आणि वस्तूला जन्मतःच एक प्रकार चिकटवला. हक्क काढून घ्यायचे नाहीत आणि निर्मितीत चक्र होऊ द्यायचं नाही, या अटींवर तिथेही उत्तर मिळतं. या कामांचं मोल मला इथे दिसतं. आपल्याला काय तपासता येईल हे आधी ठरवायचं, आणि तेवढंच बांधायचं.

रकाना की ओळ?

आणखी एक वाक्य पुस्तकांत सर्रास असतं. तक्ता रकान्यांनी साठवला तर यादी वस्तूपाशी राहते, ओळींनी साठवला तर कर्त्यापाशी, आणि दोन्ही म्हणजे एकच. या दुसऱ्या पद्धतीला कॅपॅबिलिटी म्हणतात. तिची कल्पना डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांच्या १९६६च्या निबंधात आहे, म्हणजे तक्त्याच्याही आधीची. ‘दोन्ही एकच’ हे फक्त तक्त्याचा फोटो काढला तर खरं. मिलर, यी आणि शापिरो यांनी २००३ साली या समजावर बोट ठेवलं, आणि मला ते पटतं.

फरक बघा. पहिल्या पद्धतीत मी कंपायलरला फाइलचं नाव देतो, आणि परवानगी त्याची तपासली जाते. दुसऱ्या पद्धतीत मी नाव देत नाही, किल्लीच देतो. बिलांच्या फाइलची किल्ली माझ्याकडे नाहीच, तर मी देणार कुठून? ‘तर्फे’ वेगळा लिहावा लागत नाही, तो किल्लीबरोबर येतो. अर्थात किल्ल्यांची वेगळी डोकेदुखी आहे. दिलेली किल्ली परत कशी घ्यायची, कोणाकोणाकडे नकला आहेत, हे सोपं नाही. पण दोन्ही एकच, असं म्हणू नये.

हे सगळं जुनं वाटेल. पण तुमचा ब्राउझर रोज तुमचा मुखत्यार असतो. एका साइटच्या पानावरून दुसऱ्या साइटला गुपचूप विनंती जाते आणि ब्राउझर तिला तुमची कुकी जोडून देतो, तो हल्ला याच जातीचा. आणि आता आपण एआय सहायकाला आपली मेल वाचायची आणि पाठवायची परवानगी देतोय. येणाऱ्या मेलमध्येच कोणी हुकूम लिहून ठेवला तर सहायक तो कोणातर्फे पाळणार? तक्ता म्हणेल, परवानगी आहे.

श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग तक्ता करायचाच नाही का?

करायचा, जरूर करायचा. तक्ता खोटं बोलत नाही, पण आपण विचारतो तेवढंच सांगतो. त्या पतसंस्थेत शेवटी दुरुस्ती छोटीच झाली. उतारा काढताना प्रोग्रामची परवानगी आणि समोर बसलेल्या लिपिकाची परवानगी, दोन्ही बघायच्या. कोड थोडकाच लागला. वेळ गेला तो ‘तक्ता बरोबर आहे, पण बाईही बरोबर आहेत’ हे मान्य करून घेण्यात. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्यासमोर असा तक्ता आला, तर ज्या ओळीत माणसाचं नाव नाही, प्रोग्रामचं आहे, तिथे बोट ठेवा आणि विचारा: हा कोणातर्फे?

थांबतो.